धंद्यासाठी जुना टेम्पो घेताना

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी तयार करून ती चाकणच्या कारखान्यांना पुरविणारे एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. थोरले बंधू गोदाम सांभाळतात, धाकटे वसुली आणि बँकेचे काम पाहतात, थोरल्यांचा मुलगा नुकताच शिक्षण संपवून पेढीवर बसू लागला आहे. मालाची ने-आण वर्षानुवर्षे भाड्याच्या एका ठरलेल्या टेम्पोने होते. मग एके दिवशी तो टेम्पोवाला दुसऱ्या मोठ्या भाड्याला निघून जातो, खोकी गोदामातच पडून राहतात आणि कारखान्याच्या स्टोअरमधून दुपारपर्यंत तीन वेळा फोन येतो. त्या संध्याकाळी जेवताना मुलगा म्हणतो, ‘काका, आपलीच एखादी जुनी पिकअप घेऊन टाकू या. दोन-अडीच लाखांत मिळते.’ काका म्हणतात, ‘मिळते खरी. पण आधी गेल्या वर्षाच्या भाड्याच्या पावत्या काढ.’

या उत्तरात अर्धा निर्णय आहे. जुनी गाडी किती लाखांना मिळते हा प्रश्न सर्वांत शेवटचा असून, तिला महिन्यात काम किती आहे हा पहिला आहे. भोसरी ते चाकण जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या आसपास अंतर धरू. समजा, या फेरीचे भाडे १,५०० रुपये पडते आणि स्वतःच्या गाडीला त्याच फेरीत ३०० रुपयांचे इंधन लागते. म्हणजे प्रत्येक फेरीमागे १,२०० रुपये वाचतात. आता दुसऱ्या बाजूला दरमहाचा ठरलेला खर्च मांडावा. चालकाचा पगार १८,००० रुपये. विमा, पासिंग आणि कर मिळून वर्षाचे ३६,००० धरले, तर महिन्याला ३,०००. अडीच लाखांची गाडी चार वर्षांनी एक लाख तीस हजारांना विकली जाईल असे गृहीत धरल्यास घसारा महिन्याला २,५००. गुंतलेल्या रकमेवरील व्याज दहा टक्क्यांनी सुमारे २,१००. दुरुस्ती आणि टायर यांसाठी ४,०००. बेरीज २९,६०० रुपये होते. ती १,२०० ने भागली असता उत्तर साधारण पंचवीस येते. महिन्यात पंचवीस फेऱ्या होत नसतील, तर स्वतःची गाडी भाड्याच्या गाडीपेक्षा महाग पडते. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत; प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावे. मात्र रीत हीच ठेवावी. गाडी घरातीलच कोणी किंवा गोदामातील आधीच पगारावर असलेला माणूस चालवणार असेल, तर खर्च ११,६०० वर येतो आणि दहा फेऱ्यांतच गाडी परवडते. पुष्कळ कुटुंबांत खरा निर्णय या एका बाबीवर अडलेला असतो, पण चर्चा मात्र गाडीच्या रंगावर आणि मॉडेलवर चालते.

पुढचा प्रश्न नव्या-जुन्याचा. त्याच वजनाची नवी गाडी साडेसहा लाखांना पडेल आणि चार वर्षांनी तिचे साडेतीन लाख येतील असे समजू. घसारा महिन्याला ६,२५०, व्याज सुमारे ५,४००, विमा वगैरे ४,०००, दुरुस्ती १,५०० आणि चालक तोच. एकूण ३५,१५० रुपये. जुन्या गाडीचा फायदा म्हणजे महिन्याला सुमारे साडेपाच हजार. आता ही जुनी गाडी बिघडून उभी राहिली, तर त्या प्रत्येक फेरीला १,५०० रुपये भाडे द्यावे लागते आणि वाचतात केवळ इंधनाचे ३००. महिन्यात अशा पाच फेऱ्या बुडाल्या की जुन्या गाडीचा सारा फायदा संपला. वेळेवर माल न पोहोचल्याने कारखान्याच्या खरेदी विभागात नावापुढे जी खूण पडते, तिची किंमत या हिशेबात धरलेली नाही. म्हणून स्वस्त जुनी गाडी म्हणजे कमी किमतीची गाडी नव्हे. कमी दिवस उभी राहणारी गाडी ती स्वस्त. पुढील सारी निवड या कसोटीवर करावयाची आहे. नव्या मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. नव्या गाड्या स्वस्त झाल्या असताना जुन्या गाडीचा विक्रेता पूर्वीच्याच भावाला धरून बसला असेल, तर घासाघीस करण्यास जागा आहे.

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला लहान मालगाड्यांची निवड शिकवावी लागू नये, कारण त्यांतील कित्येकांचा जन्म याच परिसरात झाला. येथे कोणत्याही कंपनीच्या लहान मालवाहू गाडीला ‘टेम्पो’च म्हणतात. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये जर्मनीतील टेम्पो या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. तीनचाकी टेम्पो आणि १९६९ पासून मॅटाडोर यांनी किराणा, भाजी, कापड आणि लोखंड यांच्या बाजारपेठा घोडागाडीवरून इंजिनावर आणल्या. आकुर्डीच्या या कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, तरी बाजाराने शब्द सोडला नाही. टाटांची ४०७ गाडी १९८६ मध्ये आली, १९८८ मध्ये टाटामोबाइल आली आणि मे २००५ मध्ये आला टाटा एस, ज्याला सारा देश ‘छोटा हाथी’ म्हणतो. त्याचे पहिले उत्पादन पुण्यातच झाले. ७०२ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, अवघी सोळा अश्वशक्ती आणि सुमारे पाऊण टन माल. तीनचाकी गाड्यांच्या गल्लीबोळांत चारचाकी जाऊ शकते, हे या गाडीने दाखवून दिले. पुढे २०११ मध्ये अशोक लेलँडने निस्सानच्या भागीदारीत सव्वा टनाचा दोस्त आणला, २०१६ मध्ये मारुतीची सुपर कॅरी आली. महिंद्राची बोलेरो पिकअप तर ग्रामीण महाराष्ट्रात इतकी रुळली की ‘पिकअप’ म्हटले की तीच, असा अर्थ झाला.

यांपैकी कोणती घ्यावी, हे माल ठरवितो. पुठ्ठ्याची खोकी हलकी आणि अवाढव्य असतात. वजनाच्या आधी हौद्यातील जागा संपते. अशा मालाला पाऊण टनाची गाडीही वजनाने पुरते, पण सात फुटांच्या आसपासच्या हौद्यात दोन फेऱ्यांचे काम तीन फेऱ्यांवर जाते. तेथे लांब हौद्याची पिकअप घेतली तर तीच स्वस्त. उलट नट-बोल्ट, कास्टिंग किंवा वेल्डिंगच्या सळ्या विकणाऱ्याला हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि तेवढ्यात छोट्या हाथीची मर्यादा ओलांडलेली असते. ‘अजून दोन पेट्या बसतील’ हे वाक्य या धंद्यात गाडीचे आयुष्य खाते. शिवाय मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद झाली आहे. नेहमीच्या फेरीत जे वजन जाते त्याच्या सव्वापट क्षमतेची गाडी घ्यावी. दिवाळीच्या गर्दीतील सर्वांत मोठी ऑर्डर डोळ्यांसमोर ठेवून मोठी गाडी घेऊ नये. ते चार दिवस भाड्याचे वाहन करावे.

वजनाला आणखी एक कायदेशीर रेषा आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार परवाना, म्हणजे परमिट, लागत नाही. पाऊण ते सव्वा टन माल वाहणाऱ्या बहुतेक गाड्या या रेषेच्या आत बसतात, त्याहून मोठ्या काही पिकअप तिच्या बाहेर जातात. एकाच नावाच्या गाडीचे दोन प्रकार रेषेच्या दोन बाजूंना असू शकतात. म्हणून दलालाच्या सांगण्यावर न विसंबता आर.सी. पुस्तकावरील एकूण वजनाचा आकडा वाचावा. चालकाच्या बाबतीत मात्र चिंता कमी झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयानुसार, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या चालकाला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालविण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही.

गाडी किती वर्षांची असावी? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक आले. त्यानंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारा फिल्टर आणि अनेक सेन्सर असतात. तो फिल्टर स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग धावावी लागते. चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास हाफ क्लचवर सरकणाऱ्या गाडीला ते सुख मिळत नाही. त्याआधीच्या गाड्या साध्या, कोणत्याही जाणत्या मिस्त्रीच्या हाती दुरुस्त होणाऱ्या. पण वय वाढलेल्या. परिवहन वाहनाला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता चाचणी, म्हणजे पासिंग, करून घ्यावे लागते. आठ वर्षांनंतर राज्यात पर्यावरण करही लागू होतो. हे सारे जमेस धरता, लहान अंतराच्या शहरी कामासाठी २०१७ ते २०२० या काळातील, एकाच मालकाने वापरलेली बीएस-४ गाडी हा अजूनही शहाणपणाचा सौदा ठरतो. दररोज ठरावीक पन्नास-साठ किलोमीटर धावणाऱ्याने सीएनजीचाही विचार करावा, कारण पिंपरी-चिंचवड आणि चाकण या दोन्ही ठिकाणी गॅस मिळतो. फक्त दोन गोष्टी तपासाव्यात. टाकीच्या वजनाने माल वाहण्याची क्षमता कमी होते. आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाली आहे की नाही, हे तिच्यावरील पट्टीवर पाहावे.

सुटे भाग हा उभ्या राहण्याच्या दिवसांचा खरा धनी. महिंद्राचा मॅक्झिमो २०१० मध्ये आला, चाकणच्याच कारखान्यात तयार झाला आणि काही वर्षांनी बंदही झाला. घराशेजारी बनलेली गाडी म्हणून तिचे भाग घराशेजारी मिळतीलच असे नाही. बंद पडलेल्या मॉडेलची गाडी चाळीस हजारांनी स्वस्त मिळते, आणि एका गिअरबॉक्सच्या शोधात तीन आठवडे उभी राहते. जुन्या भागांसाठी पूर्वी पुष्कळ जण चिखलीजवळच्या कुदळवाडीकडे धाव घेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील भंगार दुकाने आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडल्यानंतर ती वाट पूर्वीसारखी राहिलेली नाही. यासाठी गाडी पसंत करण्याआधी गोदामाच्या पाच किलोमीटरच्या परिघातील दोन गॅरेजमध्ये जाऊन एकच प्रश्न विचारावा: या मॉडेलची क्लच प्लेट आणि पाण्याचा पंप आज दुपारपर्यंत मिळेल का? मिस्त्री हसून ‘हो’ म्हणाला की पुढे जावे. तो विचारात पडला, तर ती गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्यावी.

जुनी गाडी घेणे म्हणजे तिचा भूतकाळ विकत घेणे. तो भूतकाळ विक्रेता सांगत नाही, गाडी सांगते. कमानीच्या पाट्यांत एखादा जादा पाटा घातलेला दिसला, तर ही गाडी वर्षानुवर्षे क्षमतेपेक्षा अधिक ओझे वाहत होती हे समजावे. विक्रेता तो पाटा ‘मजबुतीसाठी’ घातल्याचे सांगेल. गाडीखाली सतरंजी टाकून झोपून पाहण्यास लाजू नये. चॅसिसवर वेल्डिंगचे जोड, नवा काळा रंग केवळ एकाच भागावर, किंवा हौदा आणि केबिन यांच्यातील फट एका बाजूला अरुंद असेल, तर गाडी वाकलेली किंवा आपटलेली आहे. हौद्याचा पत्रा पाहून पूर्वीचा माल ओळखता येतो. विटा-वाळू वाहिलेल्या गाडीचा पत्रा खालून पोचे पडलेला असतो. कांदा, मासळी किंवा मीठ वाहिलेल्या गाडीत सांध्यांतून गंज डोकावतो. चाकणच्या कांदा-बटाटा बाजारातील गाड्या याच कारणाने फाळक्याच्या बिजागऱ्यांपासून पाहाव्यात. दुधाची किंवा पार्सलची गाडी बाहेरून छान दिसते, पण तिचे किलोमीटर भयंकर असतात. मीटरवरील आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा क्लच आणि ब्रेकच्या पायपट्टीवरील रबर किती झिजले आहे ते पाहावे. साठ हजार किलोमीटरच्या गाडीचे रबर गुळगुळीत होत नाही.

गाडी पाहण्यास सकाळी लवकर आणि न कळविता जावे. इंजिन आधीच कोमट लागले, तर थंड इंजिन सुरू होण्यात काही अडचण आहे आणि ती लपविली जात आहे. सुरू होताच क्षणभर थोडा धूर चालतो. त्यानंतरही निळा धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळते. पांढरा धूर आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटची शंका. वेग वाढविताना दाट काळा धूर आला तर इंधनाच्या यंत्रणेचे काम निघणार. इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथून धुराचे लोट येत असतील, तर सिलिंडर झिजले आहेत आणि ‘थोडेसे काम’ पन्नास हजारांचे होऊ शकते. रिकामी गाडी चालवून पाहणे हा मात्र निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. आपल्याच गोदामातील नेहमीचे वजन भरावे, नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलासारखा एखादा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढवावा आणि मग पाहावे. क्लच घसरत असेल, तर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र तिथेच राहते. ओझ्यासह ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते का, हे त्याच वेळी समजते. या परीक्षेला नकार देणारा विक्रेता भेटला तर त्याचे आभार मानून परत यावे. त्याने पुष्कळ पैसे वाचविले.

मुहूर्ताचा विषयही येथेच काढणे बरे. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी गाडी दारात यावी ही इच्छा चांगली आहे, पण दलालांना ती पूर्णपणे ठाऊक असते. आदल्या आठवड्यात ‘दुसरे गिऱ्हाईक आले आहे’ हा निरोप येतो आणि तपासणी बाजूला राहते. तपासणी आधी निवांत उरकावी, मुहूर्तावर केवळ इसार द्यावा किंवा ताबा घ्यावा.

वित्तसंस्थांनी हप्ते थकल्यामुळे जप्त केलेल्या गाड्यांचा लिलाव हाही एक स्वस्त मार्ग समजला जातो. त्यात लाभ होऊ शकतो, पण एक गोष्ट विसरू नये. ज्या मालकाला सहा महिने हप्ता भरता आला नाही, त्याने त्या सहा महिन्यांत इंजिनचे तेलही वेळेवर बदललेले नसते. त्यानंतर गाडी पार्किंगच्या आवारात ऊन-पावसात उभी राहिलेली असते. लिलावात ‘जशी आहे तशी, जेथे आहे तेथे’ या अटीवर ती विकली जाते. थकलेला कर, संपलेले पासिंग, न भरलेली ई-चलने यांचा भार घेणाऱ्यावर पडतो. या साऱ्याची बेरीज करून मगच बोली लावावी.

कागदपत्रांच्या बाबतीत व्यापारी मंडळी सावध असतात असा समज आहे. माल खरेदी करताना ती असतात. गाडी विकताना नसतात. जुनी गाडी अनेकदा घरच्याच चालकाला किंवा ओळखीच्या माणसाला मुद्रांक कागदावर लिहून दिली जाते, फॉर्मवर कोऱ्या सह्या करून दिल्या जातात आणि ‘नावावर करून घे’ असे सांगून विषय संपविला जातो. तो संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाली काढलेल्या एका प्रकरणात मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली होती. ती पुढे आणखी काही हातांतून गेली, पण सरकारी नोंदीत नाव बदलले नाही. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला आणि जीव गेला. गाडी आपल्या ताब्यात नव्हती, आपण ती विकली होती, हा बचाव टिकला नाही. नोंदीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे न्यायालयाने म्हटले. अशा गाडीचा विमाही बहुधा संपलेला असतो, तेव्हा ही भरपाई घरातून जाते. नवी-जुनी पिकअप घेण्याच्या आनंदात आधीचा टेम्पो कोणाला दिला होता आणि त्याची नोंद बदलली का, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा वाहन पोर्टलवर जाऊन पाहावे. पुष्कळांना तेथे आपले किंवा दिवंगत वडिलांचे नाव अजून दिसेल.

घेणाऱ्याने पाहावयाच्या गोष्टी त्याच पोर्टलवर बऱ्याच दिसतात: कितवा मालक, पासिंग आणि विम्याची मुदत, कर कोठपर्यंत भरला आहे आणि कर्जाचा बोजा आहे का. कर्ज फिटले असे विक्रेत्याने सांगणे पुरेसे नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय बोजा उतरत नाही. चॅसिसवर कोरलेला क्रमांक पेन्सिल आणि कागदाने उतरवून आर.सी.शी ताडून पाहावा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. परराज्यातील गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी तिचा ना-हरकत दाखला, नवी नोंदणी आणि नव्याने भरावा लागणारा कर धरता ती या कामासाठी क्वचितच परवडते. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी कायद्याने चौदा दिवसांची मुदत दिली आहे. तोपर्यंत त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा करताना जुन्या नावाची पॉलिसी उपयोगी पडत नाही. जुनी गाडी म्हणून विम्याचा सक्तीचा भाग स्वस्त होत नाही, हेही लक्षात असावे. २०२२ च्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाचा त्रयस्थ विमा करांखेरीज १६,०४९ रुपये ठरला. मग गाडी पाऊण टनाची असो वा चार टनांची.

आता पैशांविषयी. जुन्या गाडीच्या बाजारात ‘रोख द्या, वीस हजार कमी करतो’ हे वाक्य हमखास ऐकू येते. व्यवसायासाठी घेतलेल्या मालमत्तेपोटी एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर आयकराच्या दृष्टीने तेवढी रक्कम त्या मालमत्तेच्या किमतीत धरली जात नाही. म्हणजे अडीच लाख रोख दिले तर अडीच लाखांवरील घसाऱ्याची वजावट कायमची गेली. दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, म्हणून शहाणा विक्रेताही रोखीचा आग्रह धरणार नाही. स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीवर घसारा १५ टक्के मिळतो, भाड्याने चालविण्याच्या व्यवसायातील गाडीवर ३० टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास पहिल्या वर्षी त्याच्या निम्मा. नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपली जुनी गाडी विकताना वस्तू व सेवा कर संपूर्ण किमतीवर नव्हे, तर फरकावर १८ टक्के द्यावयाचा असतो. आयकरात घसारा घेतला असेल तर विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांतील फरक धरतात, आणि तो शून्याखाली गेला तर कर नाही. या सवलतीसाठी गाडी घेताना त्या कराचा परतावा घेतलेला नसावा. हे न कळल्याने काही जण बिलच करीत नाहीत. त्यामुळे घेणाऱ्याच्या वहीत गाडीची किंमत सिद्ध करण्यास कागदच उरत नाही. सनदी लेखापालांना सौदा झाल्यावर नव्हे, आधी विचारावे.

इसाराची पावती करताना गाडीचा क्रमांक, चॅसिस क्रमांक, ठरलेली किंमत, ताब्याच्या दिवसापर्यंतची सर्व ई-चलने आणि कर विक्रेत्याने भरण्याची अट, आणि ताब्याची तारीख व वेळ इतके अवश्य लिहावे. वेळ यासाठी की त्या क्षणापूर्वीचा अपघात त्याचा आणि नंतरचा आपला. उरलेली रक्कम बँकेमार्फत दोन टप्प्यांत द्यावी. मोठा भाग ताबा घेताना आणि वीस-पंचवीस हजार रुपये नोंद बदललेले आर.सी. हाती आल्यावर. विक्रेता कुरकुर करील. त्याला सांगावे की नाव बदलले तर त्याचाही भार उतरतो. बहुतेकांना ते पटते. नाव बदलून येईपर्यंत गाडी गोदामाच्या आवारात ठेवून तेल, फिल्टर, ब्रेकचे लाइनर, पट्टे आणि दोन्ही पुढचे टायर बदलून घ्यावेत, उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी नसेल तर बसवून घ्यावी आणि ते काम होईपर्यंत चाकणच्या फेऱ्या जुन्याच भाड्याच्या टेम्पोने चालू ठेवाव्यात.